नळीतली लाट आणि छोट्या इंजिनाची ताकद

छोट्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची ताकद वाढवण्याचा विषय निघाला की दोन विधाने हमखास कानावर पडतात. सायलेन्सर मोकळा केला की इंजिन मोकळा श्वास घेते आणि ताकद वाढते, हे पहिले. इंजिनाला थोडा ‘बॅकप्रेशर’, म्हणजे धुराच्या वाटेतला विरुद्ध दाब, लागतोच, तो घालवला तर कमी वेगात गाडी मरगळते, हे दुसरे. विधाने परस्परविरुद्ध आहेत, आणि तरीही ती करणाऱ्यांनी आपापल्या गाडीवर तसा अनुभव खरोखर घेतलेला असतो. अनुभव खरा, पण त्याचे कारण चुकीचे सांगितले जाते. दोन्ही अनुभवांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे इंजिनाच्या नळ्यांमधून ध्वनीच्या वेगाने धावणाऱ्या दाबाच्या लाटा. यंत्रांच्या जगात याहून सुंदर विषय मला क्वचितच दिसतो, त्यामुळे या लेखात इतर गोष्टींपेक्षा या लाटांना अधिक जागा मिळाली आहे, हे आधीच सांगतो.

प्रथम ताकद येते कुठून याचा हिशेब मांडू. पेट्रोलमध्ये ऊर्जा असते हे खरे, पण पेट्रोल सिलिंडरमध्ये ओतणे मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते त्याला जाळण्यापुरती हवा आत नेणे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. सर्वाधिक ताकदीसाठी मिश्रण थोडे गडद, म्हणजे एका ग्रॅमला साधारण १२.५ ते १३ ग्रॅम हवा, असे ठेवतात, कारण मग आत आलेला जवळजवळ सगळा ऑक्सिजन कामी येतो. उदाहरणासाठी १९८९ साली आलेल्या पहिल्या माझदा एमएक्स-५ चे १५९७ घनसेंटीमीटरचे इंजिन घेऊ. चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा भरतो, म्हणून मिनिटाला ६५०० फेऱ्यांच्या गतीला हे इंजिन सेकंदाला सुमारे ८६ लिटर हवा घेऊ शकते. एका लिटर हवेचे वस्तुमान साधारण १.२ ग्रॅम असते. सिलिंडर प्रत्यक्षात नव्वद टक्के भरतात असे धरले तर सेकंदाला ९३ ग्रॅम हवा आत जाते आणि तिच्यासोबत ७.३ ग्रॅम, म्हणजे दहा मिलिलिटरच्या आसपास, पेट्रोल जळते. त्या पेट्रोलमधली ऊर्जा सुमारे ३१४ किलोवॅट भरते. इंजिनाची जाहीर ताकद मात्र ८६ किलोवॅट, म्हणजे ११५ अश्वशक्ती आहे. उरलेली ऊर्जा धुराबरोबर, पाण्याबरोबर आणि घर्षणात निघून जाते.

ताकद वाढवण्याच्या सगळ्या वाटा या हिशेबातच दिसतात. प्रत्येक वेळी सिलिंडरमध्ये अधिक हवा भरायची, किंवा सेकंदाला अधिक वेळा भरायची, किंवा भरलेल्या प्रत्येक ग्रॅममधून अधिक काम काढायचे. ताकद म्हणजे टॉर्क, अर्थात फिरवण्याचा जोर, आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार होय. वरच्या इंजिनाचा सर्वोच्च टॉर्क ५५०० फेऱ्यांना १३६ न्यूटन-मीटर आहे आणि ६५०० फेऱ्यांना तो सुमारे १२६ वर उतरलेला असतो, कारण त्या गतीला सिलिंडर नीट भरेनासे होतात. तोच १२६ चा टॉर्क ७५०० फेऱ्यांपर्यंत टिकवता आला, तर टॉर्क तसूभरही न वाढवता ताकद ११५ वरून १३३ अश्वशक्तीच्या घरात जाईल. मोठी हवायंत्रे न लावता इंजिनाची ताकद वाढवणारे कारागीर मुख्यतः हेच काम करत असतात: सिलिंडर उत्तम भरण्याची जागा ते वरच्या गतीकडे सरकवतात. ती सरकवताना खालच्या गतीला काहीतरी गमवावे लागते, आणि पुष्कळ गैरसमज या गमावण्याचा अर्थ न कळल्यामुळे निर्माण होतात.

आता भरण्याकडे वळू. ६५०० फेऱ्यांना पिस्टन वरून खाली येण्यास ४.६ मिलिसेकंद घेतो. एवढ्या वेळात हवेला थांबलेल्या अवस्थेतून वेग घ्यायचा, झडपेच्या अरुंद फटीतून वळून आत यायचे आणि चारशे घनसेंटीमीटरची जागा भरायची, हे सगळे उरकायचे असते. हवा हलकी असते असे आपण म्हणतो, परंतु तीन मीटर लांब, रुंद आणि उंच अशा खोलीतल्या हवेचे वस्तुमान बत्तीस किलोग्रॅम भरते. नळीतल्या हवेलाही जडत्व असते. सुरुवातीला ते आड येते, पण एकदा हवेचा स्तंभ वेगाने निघाला की पिस्टन तळाला पोहोचून परत वर येऊ लागला तरी हवा आपल्याच वेगाने आत घुसत राहते. म्हणून इंजिने बनवणारे आत घेण्याची झडप, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, पिस्टन तळाला पोहोचल्यावर लगेच बंद करत नाहीत. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, आणखी पन्नासेक अंश फिरेपर्यंत ती उघडी ठेवतात. मंद गतीत मात्र हवेला तेवढा वेग नसतो आणि वर येणारा पिस्टन आत आलेल्या हवेतला काही भाग त्याच उघड्या झडपेतून मागे ढकलतो. झडप बंद करण्याची एकच वेळ सर्व गतींना योग्य असू शकत नाही, ही या विषयातली पहिली अडचण आहे.

दुसरी अडचण, आणि तीच संधीही, म्हणजे लाटा. शाळेत आपण शिकलो की ध्वनी म्हणजे हवेतून पुढे सरकणारी संपीडने आणि विरलने. पिस्टन खाली जाताना झडपेजवळच्या हवेचा दाब उतरतो, म्हणजे तिथे विरलन तयार होते. ही विरलनाची लाट नळीतून बाहेरच्या दिशेने, सेकंदाला सुमारे ३४५ मीटर वेगाने, हवेच्या प्रवाहाच्या उलट धावत जाते. नळीच्या उघड्या तोंडाशी पोहोचल्यावर ती परावर्तित होते, आणि उघड्या तोंडाशी होणाऱ्या परावर्तनाचा नियम असा की विरलन गेले तर संपीडन परत येते, आणि संपीडन गेले तर विरलन. बासरीचा स्वर याच नियमावर उभा आहे; बोट उचलल्याने नळीचे उघडे तोंड जवळ येते, लाटेचा फेरा छोटा होतो आणि स्वर चढतो. इंजिनाच्या नळीत परत आलेले संपीडन नेमके झडप बंद होण्याच्या थोडे आधी तिथे पोहोचले, तर ते शेवटची हवा दाबून आत सारते आणि झडप लगेच तिच्यामागे मिटते. असे जमले की सिलिंडर शंभर टक्क्यांहूनही अधिक भरू शकतो, म्हणजे त्यात बाहेरच्या दाबाला जेवढी मावेल त्याहून जास्त हवा कोणत्याही पंपाशिवाय जाते.

नळीची लांबी किती असावी, याचा ढोबळ हिशेब कोणालाही करता येतो. पिस्टनचा ओढा जोरात असल्यापासून झडप मिटत येईपर्यंतचा काळ, आणि लाटेचा पसरट आकार, हे लक्षात घेऊन कारागीर असा ठोकताळा वापरतात की लाटेच्या जाण्यायेण्याला क्रँकशाफ्टच्या फिरण्यातील सुमारे ८० अंशांचा वेळ लागावा. ६००० फेऱ्यांना एक अंश फिरायला सेकंदाचा छत्तीसहजारावा भाग लागतो. ८० अंशांना २.२ मिलिसेकंद. एवढ्या वेळात लाट ७७ सेंटीमीटर अंतर कापते, म्हणून एका बाजूचे अंतर, म्हणजे झडपेपासून उघड्या तोंडापर्यंतची लांबी, ३८ सेंटीमीटरच्या आसपास येते. यात सिलिंडर हेडमधला, म्हणजे सिलिंडरवरच्या झडपा असलेल्या झाकणातला, मार्गही धरावा लागतो. गती निम्मी, म्हणजे ३००० फेऱ्या, धरली तर वेळ दुप्पट आणि लांबीही दुप्पट होते. हे कागदी गणित प्रत्यक्षाशी किती जुळते याचे उत्तम उदाहरण १९६० सालच्या क्राइस्लर ३००एफ या अमेरिकी गाडीत आहे. तिच्या इंजिनाला सुमारे ७६ सेंटीमीटर लांबीच्या नळ्या दिल्या होत्या आणि तिचा सर्वोच्च टॉर्क २८०० फेऱ्यांना मिळत असे. वरच्या गतीला ताकद हवी असणाऱ्यांसाठी त्याच नळ्यांची परिणामी लांबी निम्मी केलेला प्रकारही होता. गाडी प्रचंड आणि आपले उदाहरण छोटे, पण लाटेला इंजिनाच्या आकाराशी देणेघेणे नसते. तिला नळीची लांबी आणि वेळ एवढेच कळते.

झडप मिटल्यावर लाट नाहीशी होत नाही. आता नळीचे एक तोंड बंद आणि दुसरे उघडे असते, आणि अशा नळीत लाट हेलकावत राहते. ३८ सेंटीमीटरच्या नळीत हे हेलकावे सेकंदाला सुमारे २२७ होतात. ६००० फेऱ्यांना झडप मात्र सेकंदाला ५० वेळाच उघडते. म्हणजे झडपेच्या एका चक्रात साडेचार हेलकावे बसतात. पुढच्या वेळी झडप उघडताना तिच्यामागे संपीडन उभे असेल तर सुरुवात चांगली होते, विरलन असेल तर हवा आत येण्याऐवजी उलट ओढली जाते. गती जसजशी बदलते तसतसे हे जुळते, मोडते, पुन्हा जुळते, आणि म्हणून इंजिनाच्या टॉर्कचा आलेख गुळगुळीत टेकडीसारखा नसून त्यावर लहानलहान उंचवटे आणि खळगे असतात. नळी थोडी लांब केली की हे सगळे उंचवटे एकत्र खालच्या गतीकडे सरकतात. १९९१ साली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी या गाडीत तर नळ्या दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकत असत आणि इंजिनाची गती वाढेल तशी त्यांची लांबी कमी होत जाई. तिच्या फिरत्या पिस्टनांच्या इंजिनाला झडपा नव्हत्या, पण लाट तीच होती.

धुराच्या बाजूला हाच खेळ अधिक जोरात चालतो. बाहेर सोडण्याची झडप, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, पिस्टन तळाला पोहोचण्याच्या पन्नाससाठ अंश आधी उघडते, तेव्हा आतला दाब बाहेरच्या कित्येक पट असतो. त्यामुळे नळीत संपीडनाची अतिशय तीव्र लाट सुटते, आणि तप्त वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सहाशे मीटरहून अधिक असल्याने ती हवेच्या नळीतल्या लाटेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पळते. चार नळ्या जिथे एकत्र येतात तिथे जागा एकाएकी रुंद होते. लाटेच्या दृष्टीने हे उघडे तोंडच. तिथून ती विरलन होऊन परत फिरते. पिस्टन अगदी वर असताना काही क्षण दोन्ही झडपा थोड्या थोड्या उघड्या असतात. या क्षणी परतलेले विरलन पोहोचले तर ते कोपऱ्यात उरलेला जळका वायू ओढून घेते, आणि तेवढ्यावर न थांबता उघड्या इनटेक व्हॉल्व्हमधून ताज्या हवेलाही हलवते. पिस्टन खाली यायला सुरुवात होण्याच्या आधीच हवेचा स्तंभ निघालेला असतो! हे मला पहिल्यांदा समजले तेव्हा कितीतरी वेळ मी या दाबांचा आलेखच पाहत बसलो होतो.

आता सुरुवातीच्या दोन विधानांकडे परत जाता येते. बॅकप्रेशर म्हणजे धुराच्या नळीतला सरासरी विरुद्ध दाब, आणि तो कोणत्याही गतीला इंजिनाला नकोच असतो, कारण तो पिस्टनला ढकलावा लागतो. पण रुंद, मोकळी नळी बसवली की वायूचा वेग घटतो, लाट दुबळी होते, आणि लांबी बदलली असेल तर ती भलत्याच क्षणी परत येते. खालच्या गतीला टॉर्क गेला तो या लाटेची वेळ चुकल्यामुळे; दाब कमी झाल्यामुळे नव्हे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत आणखी एक कारण असे: वायूची वाट बदलली तरी पेट्रोल मोजून सोडणारी जेट नावाची छिद्रे तीच राहत, मिश्रण फिके होई, आणि गाडी मरगळली की दोष बॅकप्रेशरला दिला जाई. उलट, मूळ सायलेन्सर खरोखर चोंदलेला असेल तर तो बदलल्यावर वरच्या गतीला लाभ होतो, पण तो आवाजातून आलेला नसतो. मागच्या टोकातून बाहेर पडणारा आवाज म्हणजे इंजिनाच्या कामी न आलेली लाट होय. प्रदूषण रोखणारे उत्प्रेरक पात्र काढून टाकण्याची शिफारस तर मी कोणालाही करणार नाही. त्यातून मिळणारा लाभ थोडा आणि बाहेर सोडले जाणारे विष पुष्कळ असते.

चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणगीचा क्रम बहुधा १-३-४-२ असतो. म्हणून पहिल्या आणि चौथ्या, तसेच दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या नळ्या आधी जोडून नंतर त्या दोघींची एक करतात, कारण या जोड्यांचे स्फोट एकमेकांपासून पूर्ण एक फेरी दूर असतात आणि एकाची लाट दुसऱ्याच्या झडपेवर अवेळी आदळत नाही. या रचनेत टॉर्क मधल्या गतींवर बरा पसरतो. चारही नळ्या एकदम एकत्र आणल्या तर शिखर अधिक टोकदार येते. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी मी पहिली रचनाच निवडेन.

लाटांची वेळ झडपांच्या वेळेशी जुळायला हवी, म्हणून पुढचे पाऊल कॅमशाफ्टचे, म्हणजे आपल्या फुगवट्यांनी (कॅमनी) झडपा उघडणाऱ्या दांड्याचे. अधिक काळ झडप उघडी ठेवणारा कॅम वरच्या गतीला हवेच्या जडत्वाचा पुरेपूर फायदा घेतो, पण मंद गतीत दोन्ही झडपा एकत्र उघड्या राहण्याचा काळ वाढल्यामुळे जळका वायू इनटेकच्या नळीत शिरतो आणि गाडी उभी असताना इंजिन धडधडू लागते. शर्यतीच्या गाड्यांची ती खास धडधड अनेकांना आवडते. ती मंद गतीतल्या अपुऱ्या ज्वलनाची खूण आहे. होंडाने १९८९ साली एकाच कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे कॅम ठेवून गतीनुसार एकावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय व्हीटेक या नावाने आणली, आणि १.६ लिटरच्या इंजिनातून १६० अश्वशक्ती काढली. त्याआधी रोज चालवायच्या गाडीत लिटरला शंभर अश्वशक्ती ही गोष्ट फार दुर्मीळ होती.

सिलिंडर हेडमधल्या मार्गांना घासून सुधारणे हे कारागिरीचे काम आहे, आणि त्याविषयी एकच सांगतो: मार्ग आरशासारखा चकचकीत करण्याने फारसे काही मिळत नाही, आणि तो सरसकट मोठा करण्याने हवेचा वेग जाऊन नुकसानच होते. खरी अडचण झडपेच्या बैठकीच्या आसपासच्या एकदोन सेंटीमीटरमध्ये असते, जिथे हवेला आतल्या बाजूच्या तीव्र वळणावर भिंत सोडून जावेसे वाटते.

हवेच्या फिल्टरची परीक्षा तर फारच सोपी आहे. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून, फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजावा. बाहेरचा दाब १०० किलोपास्कल असताना फिल्टर दोन किलोपास्कल खात असेल, तर तो पूर्ण काढून टाकला तरी दोन टक्क्यांपलीकडे लाभ होणे नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हवेचे तापमान. घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून २० अंश सेल्सिअसऐवजी ५० अंशांची हवा आत गेली तर नऊ टक्के हवा कमी होते. बॉनेटखालच्या तापलेल्या हवेत उघडा फिल्टर बसवून गुरगुराट वाढवणारे लोक अनेकदा ताकद घटवत असतात.

येथे थोडे विषयाला धरूनच, पण कळकळीने सांगतो. पेट्रोलच्या नळीला बांधायची चुंबके, टाकीत टाकायच्या गोळ्या, हवेला भोवरा देणारी पत्र्याची पाती, आणि गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये खुपसायची लुकलुकणारी डबी, यांतून ताकद किंवा बचत मिळते या दाव्यांना भौतिकशास्त्रात आधार नाही. पेट्रोलच्या रेणूंवर चुंबकाचा होणारा परिणाम इतका क्षीण असतो की ज्वलनाशी त्याचा संबंध जोडताच येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने तपासली आणि त्यांत मायलेज लक्षणीय वाढवणारे काही सापडले नाही. महाग, अधिक ऑक्टेनचे पेट्रोल भरल्यानेही, इंजिनाच्या मांडणीत काही बदल न करता, आपोआप ताकद येत नाही. ऑक्टेन म्हणजे ऊर्जा नव्हे. दाब आणि उष्णता सोसूनही स्वतःहून पेट न घेण्याची ती क्षमता आहे.

या क्षमतेचा उपयोग संपीडन गुणोत्तर वाढवताना होतो. पिस्टन तळाला असतानाची आणि वर असतानाची जागा यांचे हे गुणोत्तर वरच्या इंजिनात ९.४ आहे. ते १०.५ करायचे तर प्रत्येक सिलिंडरच्या माथ्याची जागा साडेपाच घनसेंटीमीटरने, म्हणजे चहाच्या चमच्याहून किंचित जास्त, कमी करावी लागते. त्यासाठी हेड तासतात किंवा उंच माथ्याचे पिस्टन घालतात. आदर्श चक्राच्या सूत्राप्रमाणे याने कार्यक्षमता तीन टक्क्यांनी वाढते. लाभ लहान दिसतो, पण तो सर्व गतींना मिळतो, आणि लांब कॅममुळे खालच्या गतीला गमावलेल्या टॉर्कची थोडी भरपाई करतो. जोखीम नॉकिंगची आहे. ठिणगीपासून निघालेली ज्योत पसरत असताना तिच्या पुढचे, अजून न जळलेले मिश्रण दाबाने तापून एकदम पेटते आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज होतो. ब्रिटिश अभियंता हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर संपीडन गुणोत्तर चालताचालता बदलता येणारे इंजिन बनवून हा प्रकार पद्धतशीर अभ्यासला होता.

ठिणगीची वेळही याच तराजूत तोलावी लागते. सिलिंडरमधला सर्वोच्च दाब पिस्टन माथ्यावरून साधारण पंधरा अंश पुढे गेल्यावर यावा अशी ठिणगी आधी टाकतात. गती वाढली की ज्योतीला वेळ कमी मिळतो, मग ती पुरी पडते कशी? कारण आतल्या वायूची घुसळण गतीबरोबर वाढते आणि ज्योतही जवळजवळ त्याच प्रमाणात वेग घेते. ही घुसळण नसती तर वेगवान पेट्रोल इंजिन शक्यच झाले नसते. कॅम, नळ्या आणि संपीडन बदलल्यानंतर इंधन आणि ठिणगी यांचे तक्ते नव्याने लिहिणे आवश्यक असते, आणि तिथे संगणकात केलेल्या बदलांना खरा अर्थ येतो. काहीही न बदललेल्या, पंप नसलेल्या इंजिनात केवळ तक्ते बदलून फार थोडे हाती लागते.

पंपाची, म्हणजे हवा दाबून आत भरणाऱ्या टर्बोची, गोष्ट वेगळी. बाहेरच्या दाबावर अर्धा वातावरण अधिक दाब दिला तर हवा पन्नास टक्के वाढेल असे वाटते, पण दाबलेली हवा तापते. २० अंशांची हवा साध्या टर्बोतून ७० अंशांच्या आसपास बाहेर येते आणि प्रत्यक्ष वाढ २८ टक्क्यांवर थांबते. ती थंड करून ४० अंशांवर आणली तर ४० टक्के मिळते. नळ्या आणि कॅम यांच्या महिनोन्महिन्यांच्या मेहनतीपेक्षा हे जास्त आहे, हे मान्य करावेच लागते. पण मूळ इंजिनाचे पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि पाण्याची व्यवस्था त्या उष्णतेसाठी बनवलेली नसते.

जास्त फेऱ्यांची किंमतही धातूच मोजतो. ७००० फेऱ्यांना वरच्या इंजिनाच्या पिस्टनला माथ्यावर मिळणारे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे तीन हजार पट असते. पिस्टनचे वस्तुमान ३०० ग्रॅम धरले तर रॉडला तो क्षणभर नऊशे किलोग्रॅम वजनाइतका ओढतो, आणि हे सेकंदाला शंभराहून अधिक वेळा घडते. हे बल गतीच्या वर्गाने वाढते, म्हणून ८००० फेऱ्यांना ते तीस टक्के अधिक होते. १९९९ सालच्या होंडा एस२००० मध्ये पिस्टनचा सरासरी वेग ९००० फेऱ्यांना सेकंदाला २५ मीटरवर जातो. तिच्या इंजिनाचा प्रत्येक भाग त्या हिशेबाने घडवलेला होता. साध्या इंजिनात मर्यादा ओलांडली की आधी झडपांच्या स्प्रिंगा हरतात, झडप कॅमचा पाठलाग करू शकत नाही आणि वर येणाऱ्या पिस्टनला भेटते. म्हणून नवा कॅम बसवताना पिस्टनच्या माथ्यावर मऊ मातीचा थर देऊन इंजिन हाताने दोन फेरे फिरवतात, हेड उघडून झडपेचा ठसा उमटलेल्या जागी मातीची जाडी मोजतात, आणि अंतर पुरेसे असल्याची खात्री झाल्यावरच इंजिन चालू करतात.

हे सगळे एकत्र कसे गुंफायचे, हे १९६१ साली पहिल्या मिनी कूपरने दाखवले होते. मूळ मिनीचे ८४८ घनसेंटीमीटरचे इंजिन ३४ अश्वशक्तीचे होते. कूपरमध्ये ते ९९७ घनसेंटीमीटरचे झाले, त्याला दोन कार्ब्युरेटर आणि मोठ्या इनटेक झडपा मिळाल्या, संपीडन वाढले, आणि ताकद ५५ वर गेली. आकार सुमारे अठरा टक्क्यांनी वाढला आणि ताकद सुमारे बासष्ट टक्क्यांनी. त्या ताकदीसोबत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले गेले, हे आज ट्यूनिंग करणाऱ्या पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

शेवटी मोजमाप. चालकाच्या अंगाला जाणवलेली वाढ विश्वासार्ह नसते. खालचा टॉर्क घटून वरचा तसाच राहिला तरी मध्येच गाडी उसळल्यासारखी वाटते. डायनोवरचा, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावरचा, आकडाही हवेच्या तापमानाने, दाबाने, टायरमधल्या हवेने आणि तेलाच्या उष्णतेने दोनतीन टक्के सहज हलतो, आणि बहुतेक एकेका भागाचा लाभ तेवढाच असतो. त्यामुळे चांगले कारागीर एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, तेल सारखेच तापवून जुन्या भागासह तीन वेळा मोजतात, नवा भाग लावून तीन वेळा मोजतात, आणि मग जुना भाग पुन्हा बसवून आणखी एकदा मोजतात. आलेखाची रेष त्या वेळी पहिल्या जागी परत आली, तरच मधल्या तीन रेषांतला फरक ते वहीत लिहितात, आणि तोही सर्वोच्च आकड्यापुरता न लिहिता दर पाचशे फेऱ्यांचा वेगवेगळा लिहितात, म्हणजे कोणता उंचवटा कुठे सरकला ते पुढची नळी कापण्याआधी पाहता येते.